लाइट परत आल्यावर

पहिल्यांदा बसवलं ओपनहॅब,
आयटीआयच्या पालशेतकर सरांचा त्याच्यावर जीव म्हणून.
भारदस्त कारभार. एकदा नियम सांगितला की मागे फिरत नाही.
पण पूर्णगडात लाइट जाते दिवसातून चारदा,
आणि ती परत आली की हे गृहस्थ
आधी आचमन, मग संकल्प, मग प्रस्तावना.
तोवर पंप विहीर उपसून मोकळा
आणि खालच्या झऱ्यातून खाडी आत.

विहिरीचं सांगायचं राहिलं.
मुचकुंदीपासून सत्तर पावलांवर आहे ती.
मार्चनंतर जरा जास्त उपसली
की दुसऱ्या दिवशी चहा नासतो.
एवढंच मोजायचं होतं मला:
पाणी किती खाली, किती खारट.
बाकीचे लोक हीच सगळी खटपट
दिवाणखान्यातला दिवा गुलाबी करायला करतात.
करोत बापडे.

दुसरं डोमोटिक्झ.
हलकं, एकट्याने वल्हवायच्या होडीसारखं,
सर्वांत जुन्या रास्पबेरीवरही तरंगतं.
पान उघडलं की तलाठ्याचं रजिस्टर
कुणी स्क्रीनवर चिकटवल्यासारखं.
मी हाताने डाग दिलेल्या सेन्सरांची ओळख
एकेकाचं नाव, नंबर सांगून करून द्यावी लागली,
लग्नात नवऱ्याकडच्यांची देतात तशी.
कंटाळले.

(खारी हवा तांब्याला आठवड्यात हिरवं करते.
पाटीवर नेलपॉलिश लावायची, दोन हात.
मी आयुष्यात घेतलेली एकुलती एक बाटली,
रंग डाळिंबी,
ती अशी विहिरीत गेली.)

मग होम असिस्टंट.
हा स्वतःच सगळ्यांना ओळखतो, दारातच हाक मारतो,
आलेख काढतो देखणे, आणि दर महिन्याला नवे कपडे.
एका अपडेटनंतर सकाळी उठून बघते
तर विहिरीच्या नावापुढे एकच शब्द:
अनुपलब्ध.
मी परसात जाऊन वाकून पाहिलं.
होती.

एक गोष्ट तिन्ही घरांत तीच राहिली,
निरोप्या. त्याचं नाव मॉस्किटो.
मालक कुणीही असो,
हा आपला गुणगुणत याचं त्याला पोचवतो.
आणि हे सगळं फुकट, म्हणजे विरजणासारखं:
कुठल्या परमुलखातल्या माणसाने वाटीभर दिलेलं,
परत मागायला कुणी येत नाही,
लागलं तर पुढच्या घरी द्यायचं.

वहीत मी तक्ता आखला होता.
वेग. मेमरी. लाइट आल्यावर उठायला किती मिनिटं.
पाच रकाने, लाल पेनाने खुणा,
आणि खाली होम असिस्टंटला दोनदा गोल.

एप्रिलच्या अमावास्येला अपेंडिक्स.
रत्नागिरीला पाच दिवस, फोन घरीच राहिला.
सलाइनच्या थेंबांकडे बघत मी उधाणाचे तास मोजले.
मुकादमांच्या कलमांना माझ्याच विहिरीचं पाणी,
खारट गेलं तर त्यांची यंदाची लागवड गेली.

परत आले तर पंप बंद, चहा गोड.
मुकादमांची सून नसीमा ओट्यावर बसलेली.
म्हणाली, दुसऱ्या रात्री लाइट आली
आणि तुमचं ते देखणं उठेचना, कार्ड जळालं बहुतेक.
मग वेलदोड्याच्या डबीतलं जुनं कार्ड घातलं,
तुम्ही वर चिठ्ठी लावलेली होती ना.
रजिस्टरासारखं दिसतं ते. ते मला वाचता येतं.

मी स्क्रीन उघडली.
रेघ मंगळवारी दोन तास तुटलेली, पुढे सलग.
आणि माझे सेन्सर एक, सेन्सर दोन, सेन्सर चार
कुठेच नव्हते.
त्यांच्या जागी:
चिंचेखालचा.
बांधावरचा.
वाकडा.
आणि विहिरीतला खारटपणा वाढला की जो निरोप येतो,
ज्यात मी लिहिलं होतं "मर्यादा ओलांडली",
तिथे आता असं:

उपसू नका. खाडी आलीय.

वही मी अजून फाडलेली नाही.
मागच्या पानावर दुधाचा हिशेब चालू आहे.
नसीमा विचारत होती, वाकड्याला सरळ करायचा का.
म्हटलं, नको.
नेलपॉलिश मात्र आणायला हवी.